शेवटचा पाव फेरा

मी तीस वर्षं बँकेत सह्या तपासल्या. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी ठेवायची, अक्षराचं वळण बघायचं, खालच्या रेघेचा झोक बघायचा, आणि जरा शंका आली की माणसाला समोर उभं करायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ती नजर काही बँकेत परत करून आले नाही. भाजीवाली, रिक्षावाला, गॅसवाला, सगळ्यांकडे मी तशीच बघते. आमचे हे म्हणतात, "तू देवळात गेलीस तरी आधी देव खरा आहे का ते तपासशील." म्हणू देत. आजवर मला कुणी फसवलेलं नाही.

साताऱ्याला आमच्या दारात एक जुनी पेट्रोल जीप उभी असते. ह्यांची सगळी नोकरी सर्व्हे खात्यात डोंगर मोजण्यात गेली. तशाच जीपमधून फिरले, म्हणून निवृत्तीनंतर तसलीच एक शोधून आणली. माझ्या मते ती जीप म्हणजे दारात बांधलेला हत्ती. गेल्या वर्षी ह्यांनी तिला नवा कार्बोरेटर बसवला. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसवलेलं ओंजळीएवढं यंत्र, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला भरवणारं. तेव्हापासून तर विचारूच नका. काळा धूर, फटफट आवाज, आणि चढ आला की नाक मुरडून उभी! शेवटी मी हट्टच धरला, विका. गिऱ्हाईकही तयार होतं.

हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एक संधी दे. श्रीरामपूरला एक मिस्त्री आहे, जुन्या पेट्रोल गाड्यांचा. त्याच्याकडून करून घेतो, आणि तिथून आपण दोघं राजूरवरून घाटघरच्या कड्यापर्यंत जाऊ. वाटेत एकदा जरी बंद पडली, तर परत आल्या आल्या विकतो. शब्द."

मी तो शब्द कागदावर लिहून घेतला. सहीसकट.

श्रीरामपूर, शनिवार

नगरपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्याही बदलल्यात, पण तोंडातून नगरच येतं.) पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत, धूर सोडत आम्ही श्रीरामपुरात शिरलो. गावात शिरताच ह्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. पंपावर मी खाली उतरून आकड्यांवर नजर ठेवून उभी होते. पंपावरच्या मुलीनं विचारलं, "काकू, काय हरवलंय का?"

याकोब मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे घरासमोरचं अंगण. वर पत्रा, बाजूला कडुनिंब, भिंतीवर खिळ्यांना ओळीनं लटकवलेले पाने. मिस्त्री साठीचे, बारीक, पांढऱ्या मिश्या, आणि खिशाला पेन लावावं तसा एक छोटा स्क्रूड्रायव्हर लावलेला. त्यांनी जीप चालू करायला सांगितली, आणि रबराच्या नळीचं एक टोक कानात घालून दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. डॉक्टरची नक्कल, दुसरं काय! मी मनात म्हटलं, नाटक सुरू.

"साहेब, ह्यो कार्बोरेटर ह्या इंजिनाचा न्हाईच," ते म्हणाले. "मापाला बसतोय, पर भूक येगळी हाय. जुना कुठं हाय?"

मी म्हणणार होते की जुना कधीच भंगारात गेला. तेवढ्यात ह्यांनी मागच्या सीटखालून एक गाठोडं काढलं. त्यांच्या जुन्या चौकटीच्या शर्टात जुना कार्बोरेटर गुंडाळलेला! वर्षभर माझ्या पाठीमागे ठेवलेला. आणि मी तो शर्ट बोहारणीला दिला असं समजत होते.

मिस्त्रींनी तो हातात घेतला, फुंकर मारली, आणि त्यांचे डोळे चमकले. "ह्यो खरा माल. असला आता मिळत न्हाई. सोमवारी खोलतो, साफ करतो आन् बसवतो."

"सोमवारी? उद्या का नाही?" मी विचारलं.

"उद्या रविवार. उपासना असती, ताई. रविवारी पान्याला हात लावत न्हाई मी."

झालं. गाडी दोन रात्री मिस्त्रींच्या अंगणात, वर काठोकाठ भरलेली टाकी, आणि 'असला आता मिळत नाही' असा कार्बोरेटर. आमच्या साताऱ्यात एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की माणूस शहाणा होतो. हे आणि मिस्त्री चहा पीत जुन्या इंजिनांच्या गप्पा मारत होते. मी पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि कार्बोरेटरच्या बुडाशी एक बारीक लाल ठिपका दिला. मग जीपच्या डाव्या बाजूला गेले. टाकीचं झाकण त्या बाजूला आहे, आणि ती बाजू भिंतीला इतकी चिकटून होती की मला आडवं होऊन, पोट आत घेऊन शिरावं लागलं. झाकणावर कागदाची पट्टी लावली, तीवर माझी पूर्ण सही केली, आणि वरून चिकटपट्टीचे चार-पाच वेढे दिले, दव पडलं तरी शाई फुटायला नको. लाख जवळ नव्हती, नाहीतर तीही लावली असती.

बाहेर आले तेव्हा साडीला भिंतीचा चुना लागला होता. "कुठं होतीस?" ह्यांनी विचारलं. "कडुनिंब बघत होते," मी म्हटलं.

श्रीरामपूर, रविवार

सकाळी लॉजच्या खिडकीतून रस्ता बघत बसले. कडक इस्त्रीचे शर्ट, डोक्यावरून पदर, हातात काळी पुस्तकं, कुटुंबंच्या कुटुंबं चर्चकडे चाललेली. आमच्याकडे रविवार म्हणजे मटण आणि झोप. इथे आधी उपासना, मग मटण. हा फरक मला दुपारी कळला, कारण मिस्त्रींनी जेवायला बोलावलं होतं. गिऱ्हाइकाला कोण जेवायला बोलावतं? ज्याला गिऱ्हाईक गप्प हवं असतं तो. मी ह्यांना तसं स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, "चल गं, भूक लागलीय."

मिस्त्रींच्या बायकोचं नाव मार्थाबाई. ठसठशीत बाई, हसली की सगळं घर हसतं. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण, कांदा, आणि वर भात. घास उचलणार एवढ्यात सगळ्यांनी माना खाली घातल्या. मिस्त्रींनी डोळे मिटून प्रार्थना केली. अन्नाबद्दल आभार मानले, दूरवरून आलेल्या पाहुण्यांबद्दल मानले, आणि मग म्हणाले, "प्रभू, साहेबांच्या गाडीवर तुझी कृपा असू दे, तिला डोंगर चढू दे."

मी एक डोळा उघडा ठेवला होता. ह्यांचे दोन्ही मिटलेले होते, आणि 'डोंगर चढू दे' हे ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत होते. मला ते बरं वाटलं नाही. जीपसाठी माणूस इतका हळवा होतो? पण मटण झकास होतं, खोटं का बोलू. मी दोनदा वाढून घेतलं आणि दोन्ही वेळा स्वतःला बजावलं, की ह्यानं काही सिद्ध होत नाही.

श्रीरामपूर, सोमवार

दिवसभर मी स्टूल टाकून बसले. नवा कार्बोरेटर उतरला, एका कापडात बांधला गेला आणि माझ्या मांडीवर आला. "काढलेलं सामान मालकाच्या हातात. तपासून घ्या," मिस्त्री म्हणाले. मी तपासलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तपासलं.

जुना त्यांनी खोलला. पितळेचे इवलेसे जेट, आतला पोकळ फ्लोट, सुई, स्प्रिंगा, सगळं एका ताटलीत. बाहेरचं कवच थिनरमध्ये बुडवलं, ब्रशनं घासलं. गॅसकेट, म्हणजे दोन भागांमधली फट बुजवणारा पातळ थर, बाजारातून आणलं नाही. पुठ्ठ्याची जाड शीट तोंडावर ठेवून हातोडीनं हळूहळू ठोकलं, आणि कडेकडेनं अचूक आकार सुटून आला. एवढं मात्र मी मान्य करते, हात मोठा साफ होता.

मधे मार्थाबाई मला आत घेऊन गेली, लोणच्याच्या बरण्या दाखवायला. दहा मिनिटं. परत आले तर कार्बोरेटर चकचकीत होऊन इंजिनावर बसायला निघालेला. मी म्हटलं, "जरा बघू." उलटा करून बघितला. लाल ठिपका नव्हता.

दहा मिनिटं! लोणच्याच्या बरण्या! दोघं मिळून किती सफाईनं काम करतात! मी ह्यांना खुणेनं बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं. हे हसले. "अगं, आपलाच आहे. कडेचा टवका माझ्या हातून पडून उडालाय, ओळखतो मी." ह्यांची साक्ष काय कामाची? हे तर फितूर. पण पुरावा नसताना आरोप करायचा नाही, हा बँकेचा नियम. तो राग मी तसाच पोटात ठेवला.

इंजिन चालू झालं. मिस्त्री नळी कानाला लावून बाजूचा एक स्क्रू फिरवत गेले, तोंडानं मोजत. "एक... दीड... थांब..." फटफट कमी झाली, धूर निवळला. मग एकदम स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"ताई, शेवटचा पाव फेरा तुमी द्या."

"मी? मी का?"

"आमच्या वडलांपास्नं तशी पद्धत हाय. शेवटचा पाव फेरा मालकानं द्यायचा. मंग उद्या कुठं रानात बिघडली, तर गाडी ठीक असताना तिचा आवाज कसा हुता, त्ये मालकाच्या कानात ऱ्हातं."

"मालक तिकडे आहेत."

"साहेबांचा कान तयार हाय. तुमचा न्हाई," ते सरळ म्हणाले.

मला त्यात सापळा दिसला. उद्या बंद पडली की म्हणायला मोकळे, बाईंनी फिरवला होता! मी हात मागे घेतला. मिस्त्रींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग स्क्रूड्रायव्हर ह्यांना दिला. ह्यांनी पाव फेरा दिला आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. स्टेशनपर्यंत दोन चकरा झाल्या, काही तक्रार नाही. गाडी परत भिंतीला लागल्यावर मी त्या बाजूनं शिरून झाकणावरचं सील बघितलं. जसंच्या तसं. खरं सांगते, थोडी निराशाच झाली. काढलं मात्र नाही; राजूरलाही गाडी उघड्यावरच राहणार होती.

राजूरच्या वर, मंगळवार

संगमनेरपर्यंत हे गाणी म्हणत होते. पुढे मोकळ्या रस्त्याला जीपनं एकदोन झटके मारले. ह्यांचं गाणं थांबलं. अकोले गावात चहाला थांबलो, अर्ध्या तासानं निघालो तर पुन्हा ठणठणीत. राजूरला पेढे घेतले. आमचे कंदी पेढे खाल्लेल्या माणसाला दुसरा पेढा आवडणं कठीण, म्हणून मी आधी एकच घेतला, मग पाव किलो. डोंगर जवळ आले, भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, हवेत गारवा. ह्यांनी हात बाहेर काढून एकेक शिखर नावानं दाखवलं. चाळिशीतले दिसत होते त्या वेळी.

रंध्याच्या धबधब्यापुढच्या चढाला जीप धापा टाकायला लागली. एक झटका, दोन झटके, आणि मग नुसती शांतता. ह्यांनी हँडब्रेक ओढला, मी चाकामागे दगड लावले. ह्यांनी बॉनेट उघडलं, नळी काढून बघितली. "पेट्रोल नीट येत नाहीये वर," एवढंच म्हणाले, आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

मी फोन लावला. पोटातलं सगळं बाहेर काढलं. "मिस्त्री, तुम्ही आमचा कार्बोरेटर बदललात. मी खूण केली होती, ती गेली. जेवायला घालून माणसाला असं फसवतात? रविवारी प्रार्थना, सोमवारी हे धंदे?" मिस्त्री एवढंच म्हणाले, "कुठं हाय तुमी? सकाळच्या यष्टीनं येतो मी."

अर्ध्या तासानं जीप आपोआप चालू झाली. ह्यांनी ती वळवली आणि उताराउतारानं राजूरला आणली. वाटेत एवढंच बोलले, "गिऱ्हाइकाला उद्या फोन करतो." मी जिंकले होते. कागद पर्समध्ये होता. पण ह्यांनी राजूरच्या खाणावळीत नागलीची भाकरी अर्धी टाकली तेव्हा मला तो जिंकल्याचा आनंद काही सापडेना.

राजूर, बुधवार

सकाळी हे आंघोळीला गेले होते. मी शाल आणायला जीपकडे गेले आणि सहज सील बघितलं. अजून घट्ट. आता कशाला ठेवायचं, म्हणून चिकटपट्टी कापली आणि झाकण फिरवलं.

'सूऽऽऽस्स' असा लांबलचक आवाज करत टाकीनं हवा आत ओढली.

मी जागच्या जागी उभी राहिले. तेलाचा डबा मी आयुष्यभर फोडत आलेय. एकच भोक पाडलं तर तेल गुळूगुळू करत अडतं. हवेसाठी समोर दुसरं भोक पाडावं लागतं, हे काय मला कुणी शिकवायला हवं? झाकण उलटंसुलटं करून बघितलं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यावर बरोबर माझी सही आली होती. जीप उपाशी मरत होती, आणि तिचं नाक मी दाबून धरलं होतं. थांबलो की कुठूनतरी गाडी चालू होण्यापुरती हवा झिरपायची, म्हणून ती पुन्हा चालू व्हायची.

पट्टी मी पर्समध्ये टाकली. झाकण लावलं. आणि, लिहायला लाज वाटते, गप्प बसले. कोण सांगणार होतं? गाडी विकली जाणार होती, मला हवं होतं तेच होणार होतं.

मिस्त्री नऊच्या सुमाराला उतरले. हातात पिशवी, पिशवीत हत्यारं आणि मार्थाबाईनं दिलेला लोणच्याचा डबा, माझ्यासाठी. कालच्या फोनबद्दल एक शब्द नाही. बॉनेटवर कापड पसरलं आणि अख्खा कार्बोरेटर पुन्हा खोलला. जेट उजेडाकडे धरून पाहिले, फुंकले, फ्लोट कानाशी हलवला. तासभर. पुन्हा बसवला. जीप पहिल्या फटक्यात चालू झाली, सुरेख. पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"झाली की नीट," हे म्हणाले.

"चालतीय, पर का बंद पडली त्ये मला घावलं न्हाई. घावल्याबिगर मी ठीक म्हननार न्हाई, साहेब. तुमी परत डोंगरात अडकाल." त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसला. "माझंच काय तरी चुकलं असंल. ताईंचा राग बराबर हाय. पर माझ्या चुकीपायी गाडी इकू नगा, लई जीव हाय तुमचा तिच्यात."

ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "नाही मिस्त्री, शब्द दिलाय. हिचंच बरोबर होतं. मीच आंधळेपणानं विश्वास ठेवतो."

आता ह्यावर मी काय गप्प बसणार? तीस वर्षं मी खोटी सही पकडून माणसं समोर उभी केली. माझी वेळ आल्यावर पळू? मी पर्स उघडली आणि ती पट्टी, चिकटपट्टीच्या गोळ्यासकट, बॉनेटवर ठेवली.

"हे टाकीच्या झाकणावर होतं. शनिवारपासून. मी लावलं होतं. तुम्ही पेट्रोल काढाल म्हणून."

मिस्त्रींनी पट्टी उलगडली, झाकणाकडे बघितलं, परत पट्टीकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मोठा श्वास सोडला. "घावलं," म्हणाले. आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"आणि ती लाल खूण?" मी विचारलं. आता सगळंच निस्तरायचं होतं. "नेलपॉलिश होतं ते."

"थिनरमधी नेलपॉलिश ऱ्हातंय व्हय, ताई?"

मी हात जोडले. "मिस्त्री, मी तुम्हाला चोर म्हटलं. माझं चुकलं." ते गडबडले, "असूं द्या, असूं द्या," म्हणत खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "हितली हवा जरा हलकी हाय. थोडं जुळवावं लागंल." नळी माझ्या कानाला लावली. ते मोजत गेले, आणि मग थांबून स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

ह्या वेळी मी हात मागे घेतला नाही. पाव फेरा दिला. नळीतून आधी खरखर येत होती, मग ती विरली आणि आवाज एकसारखा झाला. मला तो ऐकू आला, स्वच्छ. मिस्त्रींना आम्ही पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे बसले. घाटघरच्या कड्यापर्यंत जीप एकदाही थांबली नाही. खाली कोकण धुक्यात होतं. मिस्त्री म्हणाले, इतक्या गाड्या डोंगराला धाडल्या, पर डोंगर आजच पाहिला.

तिथे मी शब्दाचा कागद काढून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो घडी करून खिशात घातला. झाकणावरची पट्टी मात्र मिस्त्रींकडून मागून घेतली आणि स्टिअरिंगसमोरच्या पत्र्यावर चिकटवली. ती अजून तिथेच आहे. जीपमध्ये बसणारा प्रत्येक जण विचारतो, ही सही कुणाची? मी शेजारी असले तर मीच सांगते. तपासलीय मी, खरी आहे.